आफ्टरमार्केट भाग लावून बॉम्बरचं मॉडेल कसं बांधायचं: बी-२५ मिचेल

किटच्या, म्हणजे सुट्या भागांत येणाऱ्या प्लॅस्टिक मॉडेलच्या, खोक्यातल्या भागांनीच विमान पूर्ण होतं. आफ्टरमार्केट भाग म्हणजे त्याच किटसाठी दुसऱ्या कंपन्यांनी जास्त बारकाईने बनवलेले भाग: रेझिनची (साच्यात ओतून घट्ट केलेल्या राळेची) चाकं, पितळेच्या बंदुकीच्या नळ्या, पातळ पत्र्यावर कोरलेले बेल्ट, काचांवर चिकटवायचे तयार मास्क. लढाऊ विमानात एकच कॉकपिट असतं आणि ते वरून सरळ दिसतं, त्यामुळे पैसे कुठे घालायचे हे उघड असतं. बॉम्बरचं तसं नाही. लांबलचक धड, आत पाच-सहा जणांच्या जागा, मध्ये बॉम्बची कोठी, आणि हे सगळं पाहायला मोजक्या खिडक्या. सगळ्यात महाग सेट नेमके आतल्या भागांचे असतात, आणि धड चिकटवलं की त्यातलं बरंचसं पुन्हा कधीच दिसत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी काय दिसणार ते तपासायचं, मग खरेदी करायची, आणि करवत त्यानंतरच हातात घ्यायची.

उदाहरणासाठी इथे नॉर्थ अमेरिकन कंपनीचं बी-२५जे मिचेल हे दुसऱ्या महायुद्धातलं दोन इंजिनांचं अमेरिकी बॉम्बर घेतलं आहे (शेवटचं ‘जे’ म्हणजे त्याची आवृत्ती). चार इंजिनांच्या विमानाइतका त्याचा पसारा नाही, पण काचेचं नाक, बंदुकांचे घुमट, नाकाखालचं चाक आणि दोन शेपट्या असल्यामुळे बॉम्बर बांधताना येणाऱ्या जवळपास सगळ्या अडचणी यात भेटतात.

किट आणि आकार

बी-२५ च्या पंखांचा विस्तार सुमारे २०.६ मीटर. म्हणजे १/७२ मध्ये (खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मापात) मॉडेल साधारण २८.६ सेंटिमीटर रुंद होतं, १/४८ मध्ये ४३ आणि १/३२ मध्ये ६४. किट घेण्याआधी कपाटातली जागा मोजा. पहिल्यांदाच आफ्टरमार्केट भाग लावणार असाल तर १/४८ घ्या. १/७२ मध्ये फोटोएचचे, म्हणजे पातळ पत्र्यावर कोरलेल्या भागांचे, काही तुकडे मिलिमीटरभर असतात. चिमट्यातून एकदा उडाले की सापडत नाहीत.

१/४८ मधलं जुनं, भरवशाचं किट मोनोग्रामचं. ते पुढे रेव्हेलच्या खोक्यातूनही आलं. आतला तपशील त्या काळाच्या मानाने उत्तम आहे, पण पत्र्याच्या जोडरेषा कोरलेल्या नसून उठावाच्या आहेत. सांधा घासताना या रेषा निघून जातात, त्यामुळे सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून मधली २ ते ३ मिलिमीटरची पट्टीच घासायची. १/७२ मध्ये हासेगावाचं बी-२५जे कोरीव रेषांचं आहे. १/३२ मध्ये एचके मॉडेल्सचं आहे, पण ते पहिल्या प्रयत्नासाठी नको.

सेट घेताना पाकिटावर किटचं नाव पाहा. “१/४८ बी-२५जे” एवढंच जुळून भागत नाही. एका कंपनीच्या किटसाठी बनवलेलं रेझिन कॉकपिट दुसरीच्या धडात एक-दोन मिलिमीटरने अडतं आणि मग दोन्ही घासत बसावं लागतं. उलट, साचा तोच आणि खोकं वेगळ्या कंपनीचं असेल तर जुना सेटही बसतो. चाकं, नळ्या आणि बेल्ट यांना हा नियम तितकासा लागू नाही. ते बहुतेक वेळा कोणत्याही किटला चालतात, फक्त चाकाच्या आसाचं भोक जुळवून घ्यावं लागतं.

कोणत्या आवृत्तीचं विमान बांधताय तेही आधी ठरवा. एप्रिल १९४२ मध्ये टोकियोवर हल्ला केलेल्या १६ विमानांचं उदाहरण घ्या. ती बी-२५बी होती आणि त्यांच्या शेपटीत खऱ्या बंदुका नव्हत्या; काळे रंगवलेले झाडूचे दांडे बसवले होते. त्यातलं विमान बांधणाऱ्याने शेपटीसाठी पितळेच्या नळ्या घेणं म्हणजे पैसे खर्चून चूक विकत घेणं. विमान ठरवा, त्याच विमानाचे फोटो मिळवा, आणि मगच यादी करा.

खरेदीआधी टॉर्चची चाचणी

धडाचे दोन्ही अर्धे गोंद न लावता टेपने जोडा. नाकाची काच, कॉकपिटची काच, वरचा घुमट आणि मागच्या खिडक्या जागेवर टेकवा. एका खिडकीतून छोटा टॉर्च आत मारा आणि दुसरीतून पाहा. मग टॉर्च विझवून खोलीच्या नेहमीच्या उजेडात पुन्हा पाहा. दुसरं पाहणं जास्त महत्त्वाचं, कारण मॉडेल कपाटात टॉर्च लावून ठेवलं जात नाही.

बी-२५जे मध्ये या चाचणीचा निकाल ठरलेला असतो. नाकातलं सगळं स्वच्छ दिसतं: बॉम्बएमरची (नेम धरून बॉम्ब टाकणाऱ्याची) सीट, बॉम्बसाइट (त्याचं नेम धरायचं यंत्र), बंदूक, दारूगोळ्याच्या पेट्या. कॉकपिटमध्ये सीटचा वरचा भाग, बेल्ट, स्टिअरिंग आणि समोरच्या डायल्स दिसतात; पायातल्या पेडल्सपर्यंत नजर पोहोचत नाही. वरच्या घुमटात बंदुकांचा मागचा भाग दिसतो. पंखामागच्या खिडक्यांतून दोन बंदुका आणि फरशीचा थोडा भाग. बॉम्बची कोठी दारं उघडी ठेवली तरच.

चाकांच्या कोठ्यांचं काय? जमिनीवर उभ्या असलेल्या बी-२५ चे फोटो पाहा. मुख्य चाकांची मोठी दारं बहुतेक वेळा बंद असतात, कारण चाक खाली आलं की ती पुन्हा मिटतात. उघडं राहतं ते चाकाच्या पायाजवळचं (चाक धरणाऱ्या दांड्याजवळचं) छोटं दार. तरीही या कोठ्यांसाठी रेझिन आणि फोटोएचचे सेट मिळतात. दारं बंद ठेवणार असाल तर त्यांना हात लावू नका.

त्यामुळे पहिल्या बांधणीसाठी यादी छोटी राहते: काचांचे मास्क, रेझिन चाकांचा एक संच, मशीनवर कातलेल्या पितळी नळ्या, सीटबेल्टसह कॉकपिट आणि नाकाचा फोटोएच सेट, आणि जमल्यास पोकळ रेझिन एक्झॉस्ट (इंजिनाचा धूर बाहेर सोडणारी तोंडं). एड्युअर्ड या चेक कंपनीचे मास्क आणि फोटोएच, मास्टर या पोलिश कंपनीच्या नळ्या ही सहज मिळणारी नावं. यातला एकच सेट परवडत असेल तर मास्क घ्या. बी-२५ ला काचेचे इतके छोटे छोटे चौकोन आहेत की हाताने टेप कापून मास्क करण्यात कितीतरी संध्याकाळी जातात, आणि मॉडेलचा दर्जा सगळ्यात आधी काचांच्या चौकटीच्या कडांवरून ओळखू येतो.

टेबलावर काय हवं

प्लॅस्टिक जोडायचा पातळ सिमेंट, सुपरग्लू (एक पातळ, एक घट्ट), दोन भागांचं इपॉक्सी, काचांसाठी पांढरा गोंद. स्प्रू (किटचे भाग ज्याला जोडलेले येतात ती प्लॅस्टिकची चौकट) कापायची चपट्या तोंडाची पक्कड, टोकदार आणि गोलाकार पात्याचा चाकू, पातळ दातांची रेझर करवत. सँडपेपर ४००, ६००, १०००, २०००. हाताने फिरवायचं ड्रिल आणि ०.३, ०.५, ०.८, १ मिलिमीटरच्या सुया. बारीक कानस, टोकदार चिमटा, व्हर्नियर. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारायचं साधन) ०.३ मिलिमीटर सुईचा असला तर सगळी कामं त्यातच होतात. रेझिनसाठी धुळीचा मास्क लागतोच. त्याच्याशिवाय सुरुवात करू नका.

रेझिन भाग

रेझिन साच्यातून सुटावं म्हणून तेलकट द्रव लावलेला असतो. तो राहिला तर रंग सोलून निघतो, कधी सुपरग्लूही धरत नाही. भाग कापण्याआधीच, ठोकळ्यासकट, कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे थेंब टाकून जुन्या टूथब्रशने घासा आणि पूर्ण वाळू द्या.

भागाच्या मागे ओतीव ठोकळा असतो. तो करवतीने कापताना नेहमी ठोकळ्याच्या बाजूने कापा, भागाच्या कडेला लागून नाही. अर्धा मिलिमीटर जादा ठेवा आणि ओल्या ४०० नंबरच्या सँडपेपरवर गोल फिरवत खाली आणा. ओलं घासण्याचं कारण साधं आहे: रेझिनची धूळ फुप्फुसांसाठी वाईट, आणि पाण्यात ती उडत नाही. करवतीने कापताना मात्र धूळ उडतेच, म्हणून तोंडावर मास्क हवा.

प्लॅस्टिक सिमेंट रेझिनवर चालत नाही. सिमेंट प्लॅस्टिक विरघळवून जोडतं, रेझिन त्यात विरघळतच नाही. सुपरग्लू किंवा इपॉक्सी वापरा. सुपरग्लू लगेच धरतो, जागा बदलायला वेळ देत नाही, त्यामुळे आधी गोंदाशिवाय जोडून पाहा आणि जागेवर पेन्सिलीची खूण करा. मोठ्या भागांना इपॉक्सी बरं.

वाकडा झालेला भाग गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवला की नरम होतो. सपाट फरशीवर दाबून धरा आणि लगेच गार पाण्यात घाला. हवेचे बुडबुडे सुपरग्लूच्या थेंबाने भरून घासा. थ्री-डी प्रिंट केलेले भाग याहून ठिसूळ असतात. त्यांचे आधाराचे खांब पकडीने तोडायला गेलात तर भागाचाच टवका निघतो; प्रत्येक खांब चाकूने किंवा करवतीने, एकावेळी एकच, भागापासून थोडं अंतर ठेवून कापा.

रेझिन कॉकपिट घेतलंच असेल तर मुख्य अडचण जाडीची असते. बाजूच्या रेझिन भिंती धडाच्या आत चिकटतात, त्यामुळे तिथलं प्लॅस्टिक आतून घासून पातळ करावं लागतं. उजेडासमोर धरून पाहत घासा. प्लॅस्टिकमधून उजेड झिरपायला लागला की थांबा. नाही केलं तर धडाचे दोन अर्धे वरच्या बाजूला मिटतच नाहीत आणि काच बसवताना मध्ये फट राहते. ती फट मागाहून पुट्टीने भरण्यात अर्थ नाही, कारण धड रुंद झालेलं असतं आणि काच लहान पडते.

फोटोएच

पत्रा साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर जाडीचा असतो. मऊ कटिंग मॅटवर कापला तर चाकूखाली तो वाकतो. काचेच्या किंवा गुळगुळीत टाइलच्या तुकड्यावर ठेवा आणि गोल पात्याने वरून दाब देऊन कापा, ओढून नव्हे. कापताना तुकड्यावर बोट ठेवा, नाहीतर तो उडतो. कडेला राहिलेला छोटा कोंब चिमट्यात भाग धरून कानसीने एकाच दिशेने घासून काढा.

सरळ घडीच्या ठिकाणी मागे कोरलेली रेषा असते आणि ती रेषा घडीच्या आतल्या बाजूला ठेवायची. दोन पात्यांमध्ये धरून एकदाच वाकवा. मागेपुढे करत वाकवलं तर पितळ तिथेच तुटतं. गोलाई द्यायची असेल तर पत्रा मेणबत्तीच्या ज्योतीत क्षणभर लाल करून हवेत गार होऊ द्या, मग तो मऊ होऊन ड्रिलच्या दांड्याभोवती सहज वळतो. रंगीत छापलेल्या भागांना मात्र हे करू नका, रंग जळतो.

डायल्सची पाटी सहसा दोन थरांची येते: मागे छापलेल्या डायल्स, पुढे भोकं असलेली पाटी. मध्ये पारदर्शक वॉर्निशचा अगदी पातळ थर लावून दोन्ही दाबा. वाळल्यावर प्रत्येक डायलमध्ये सुईच्या टोकाने चकचकीत वॉर्निशचा थेंब सोडा, काच बसवल्यासारखं दिसतं. सुपरग्लू वापरायचाच तर तो टाइलवर थेंबभर काढून सुईने उचला. बाटलीतून थेट लावला तर तो केशाकर्षणाने डायलभर पसरतो.

बेल्ट सीटवर सपाट चिकटवू नका. कापडासारखे पडलेले दिसायला हवेत: एक टोक सीटच्या कडेवरून खाली लोंबतं, मधला भाग किंचित उचललेला. कॉकपिटमध्ये नजर सगळ्यात आधी बेल्टवर जाते, आणि बाकी काही नाही लावलं तरी एवढ्याने फरक पडतो.

धड बंद करण्याआधी

आतला रंग पूर्ण करा, कडा हलक्या रंगाने उजळा, खोलगट जागी पातळ गडद रंग सोडा. आतलं बाहेरून नेहमी अंधारं दिसतं, म्हणून मूळ छटेपेक्षा आतला रंग थोडा फिका ठेवा. नुसता बरोबर रंग लावला तर बंद धडात तो काळपट दिसतो.

मग वजन. यावर वेळ घालवा. बी-२५ नाकाच्या चाकावर उभं राहतं आणि प्लॅस्टिकचं मॉडेल मुख्य चाकांच्या मागे जड असतं, त्यामुळे वजन कमी पडलं तर ते शेपटीवर बसतं. आणि बी-२५जे चं नाक काचेचं आहे, म्हणजे वजन लपवायला जी सगळ्यात सोयीची जागा असती तीच हातातून जाते.

किती वजन लागेल हे सूचनापत्रावर विसंबून ठरवू नका. तुम्ही मागे रेझिन घातलं असेल तर तो आकडा लागू होत नाही. धड, पंख, शेपटी, इंजिनं, काचा, सगळं टेपने जोडा. मुख्य चाकांच्या आसाच्या रेषेखाली एक गोल पेन्सिल आडवी ठेवा. आता जिथे वजन बसवणार आहात तिथे बाहेरून छोट्या पिशवीत छर्रे टाकत जा, नाक खाली झुकेपर्यंत. जेवढे लागले त्यात चौथाई आणखी मिळवा, कारण रंग, गोंद आणि शेपटीतल्या नळ्यांचं वजन अजून यायचं आहे. आसापासूनचं अंतर जितकं जास्त तितकं वजन कमी लागतं: १२ सेंटिमीटर पुढे ठेवलेले ३० ग्रॅम आणि ६ सेंटिमीटर पुढे ठेवलेले ६० ग्रॅम सारखंच काम करतात. म्हणून आधी पुढच्या जागा भरा: कॉकपिटच्या फरशीखाली, नाकाच्या चाकाच्या कोठीच्या दोन्ही बाजूंना, पायलटच्या पुढच्या भिंतीमागे. नाकातल्या दारूगोळ्याच्या पेट्या शिशाच्या पट्टीच्या बनवता येतात. उरलेलं इंजिनाच्या आवरणात, इंजिनामागे. ती जागा मुख्य चाकांच्या पुढेच येते.

शिशाचे छर्रे पांढऱ्या गोंदात कालवून भरायची चूक बरेच जण करतात. शिसं आणि त्या गोंदातलं ॲसिड यांची हळूहळू प्रक्रिया होते, पांढरी भुकटी तयार होऊन फुगते, आणि काही वर्षांनी धडाचा सांधा आतून उकलतो. तोवर मॉडेल पूर्ण झालेलं असतं. इपॉक्सीत बसवा, किंवा शिशाऐवजी स्टीलचे छर्रे वा टंगस्टनची लगदी वापरा. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा. आणि जे घालाल ते हलवून पाहा. एखादा छर्रा सुटा राहिला तर तो धड बंद झाल्यावर जन्मभर खडखडत राहतो.

सांध्याला सिमेंट लावून दाबल्यावर मऊ प्लॅस्टिकची बारीक रेघ बाहेर यायला हवी. किमान २४ तास तसंच ठेवा, मग घासा. घाईने घासलं तर मऊ प्लॅस्टिक नंतर आकसतं आणि रंगाखाली सांध्याची खोलगट रेघ पुन्हा उमटते.

पंख, शेपटी, इंजिनं

बी-२५ चा पंख सरळ नाही. धडापासून इंजिनापर्यंत तो वर चढतो आणि इंजिनापलीकडे जवळपास सपाट जातो. पहिली नऊ विमानं सोडली तर सगळ्यांचा पंख असाच आहे. चिकटवल्यावर दोन्ही टोकांची टेबलापासूनची उंची पट्टीने मोजा. १/४८ मध्ये २ मिलिमीटरचा फरकही समोरून कळतो. दोन उभ्या शेपट्यांसाठी जाड पुठ्ठ्यातून काटकोनी खाच कापून आधार करा आणि सिमेंट वाळेपर्यंत काढू नका.

रेझिन इंजिन घ्यायचं असेल तर आधी व्हर्नियर. खऱ्या राइट आर-२६०० इंजिनाचा व्यास १३९७ मिलिमीटर, म्हणजे १/४८ मध्ये २९ मिलिमीटर. पण किटच्या आवरणाची भिंत खऱ्यापेक्षा जाड असते, त्यामुळे आत मोकळी जागा तेवढी मिळत नाही. मोजमाप नीट जुळत नसेल तर किटचंच इंजिन ठेवा. समोरून १४ पैकी पुढच्या रांगेतली ७ सिलिंडरंच दिसतात. त्यांच्या डोक्याकडे ०.२ मिलिमीटरच्या तांब्याच्या तारा ओढल्या, खूप पातळ केलेला काळा रंग सोडला, की ते पुरतं.

बी-२५जे च्या इंजिनाभोवती प्रत्येक सिलिंडरचं वेगळं एक्झॉस्ट तोंड उठून दिसतं. रेझिन संच नसेल तर ही तोंडं ०.५ मिलिमीटरच्या ड्रिलने पोखरा. त्याआधी सुईने मधोमध खड्डा करा, नाहीतर ड्रिल घसरतं. मोठं काम आहे, पण इंजिनाकडे पाहणाऱ्याची नजर तिथेच थांबते.

काचा आणि मास्क

काच स्प्रूवरून कापताना दोनदा कापा: आधी भागापासून लांब, मग जवळ. थेट जवळ कापल्यास तडा आत शिरतो. नंतर काच पातळ चकचकीत ॲक्रिलिक वॉर्निशमध्ये बुडवा, कडेचा थेंब टिश्यूने टिपा आणि भांडं पालथं घालून धुळीपासून झाका. काच जास्त स्वच्छ दिसते, आणि पुढे गोंदाच्या वाफेचा त्रासही कमी होतो. सुपरग्लूची वाफ काचेवर पांढरा थर जमवते. बंद धडात आतून तो पुसता येत नाही. म्हणून काच बसवायला पांढरा गोंद, आणि आतली सगळी सुपरग्लूची कामं काच बसवण्याच्या निदान एक दिवस आधी संपलेली हवीत.

काबुकी कागदाचे (मास्किंग टेपसारख्या पातळ कागदाचे) पिवळे मास्क वक्र काचेला चांगले बसतात. व्हिनाइलचे सपाट काचेवर धारदार असतात, पण नाकाच्या गोलाईवर त्यांची टोकं उचलतात. मास्क चिमट्याने लावा, सुईने मधोमध आणा, मग कडा कापसाच्या काडीने घासून बसवा. घुमटासारख्या मोठ्या काचांसाठी मास्क कडेच्या पट्टीपुरताच येतो. मधला भाग द्रव मास्कने भरा. प्रत्येक मास्कचा क्रमांक लावताना कागदावर खोडत जा. एक चौकोन झाकायचा राहून गेला की रंग मारल्यावरच कळतं.

चौकटींवर पहिला थर आतल्या रंगाचा, दुसरा बाहेरच्या रंगाचा. काचेतून चौकटीची आतली बाजू दिसते, आणि तिथे बाहेरचा ऑलिव्ह ड्रॅब (मळकट हिरवा) दिसला तर डोळ्यांना खटकतं. थर पातळ आणि जवळजवळ कोरडे मारा. एकदम ओला थर मारला तर रंग मास्कखाली शिरतो आणि मास्क काढताना कडेला बांध उभा राहतो.

रंग आणि डेकल

एक थर राखी प्रायमरचा मारून सांधे तपासा, दोष भरा, पुन्हा प्रायमर. ऑलिव्ह ड्रॅब आणि न्यूट्रल ग्रे या जोडीला तामियाचे एक्सएफ-६२ आणि एक्सएफ-५३ हे तयार रंग आहेत. साधारण एक भाग रंग, एक ते दीड भाग थिनर, १५ ते २० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब. आधी करडा, मग वरचा.

१९४४ च्या सुरुवातीनंतर अमेरिकी कारखान्यांतून बरीच विमानं न रंगवता धातूच्या रंगातच बाहेर पडली. तसं विमान निवडणार असाल तर पृष्ठभाग २००० नंबरपर्यंत घासावा लागतो आणि खाली चकचकीत काळा थर लागतो. धातूचा रंग एकही ओरखडा लपवत नाही. आणि कापडी हलते भाग, म्हणजे रडर, एलिव्हेटर आणि एलेरॉन, चकाकणाऱ्या धातूचे नव्हेत, मंद चंदेरी रंगाचे ठेवा. पहिल्या बांधणीसाठी ऑलिव्ह ड्रॅब बरा.

डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं, नेहमी चकचकीत वॉर्निशवर. खडबडीत मॅट पृष्ठभागात हवा अडकते आणि डेकलखाली चंदेरी चकाकी येते. उठावाच्या रेषांवर डेकल सॉफ्टनर दोन-तीनदा लावा, सुरकुत्या पडल्या तर हात लावू नका, वाळताना त्या आपोआप बसतात. शेवटी मॅट वॉर्निश.

शेवटची जोडणी

नाक जड केलं की पुढचा प्रश्न पायांचा. प्लॅस्टिकचे पाय ते वजन पेलतात, पण महिन्या-दोन महिन्यांत बाहेर फाकायला लागतात. पांढऱ्या धातूचे ओतीव पाय मिळतात, तेही मऊच असतात आणि बसवताना वाकतात; हाताने सरळ करता येतात, पण जास्त वेळा वाकवले तर तुटतात. पितळी पाय मिळाले तर सगळ्यात चांगले. कोणतेही असोत, इपॉक्सीने बसवा आणि तासभर मॉडेल पाठीवर ठेवा.

रेझिन चाकांना खालच्या बाजूला वजनाने दबलेला सपाट भाग असतो. तिन्ही चाकं आसावर घालून, गोंद ओला असतानाच मॉडेल सपाट काचेवर उभं करा, म्हणजे सपाट भाग आपोआप जमिनीला समांतर येतात. टायर पूर्ण काळा नको. तामियाचा एक्सएफ-८५ रबर ब्लॅक बरोबर दिसतो. पंख्याच्या पात्यांची पिवळी टोकं खऱ्यात ४ इंचाची, म्हणजे १/४८ मध्ये २.१ मिलिमीटर.

आता नळ्या. बी-२५जे वर डझनभर बंदुका असतात आणि त्यातली एकेक नळी हात लागून तुटते, म्हणून त्या शेवटी. १२.७ मिलिमीटरच्या ब्राउनिंग मशीनगनचं तोंड १/४८ मध्ये जेमतेम ०.२६ मिलिमीटरचं होतं, आणि कातलेल्या पितळी नळीत ते खरंच पोकळ असतं. तिची छिद्रांची जाळीही प्लॅस्टिकमध्ये येत नाही. किटची नळी मुळापासून कापा, मधोमध सुईने खड्डा पाडा, नळीच्या बुंध्याएवढं भोक १.५ ते २ मिलिमीटर खोल करा, सुपरग्लूचा थेंब भोकात घाला आणि नळी सरळ बसवा. धडाच्या बाजूच्या चार बंदुका एकमेकींना समांतर आहेत का ते वरून आणि समोरून पाहा. पितळ रंगवण्याआधी धातूचा प्रायमर लागतो. तो नसेल तर रंग नखानेही निघतो. काळा रंग, त्यावर पेन्सिलीच्या शिशाची भुकटी बोटाने हलकी घासली की पोलादाची झाक येते.

मास्क सगळ्यात शेवटी काढा, मॅट वॉर्निश पूर्ण वाळल्यावर. आधी चाकूचं टोक मास्कच्या कडेने अगदी हलकं फिरवा, म्हणजे रंगाचा पापुद्रा सुटतो आणि कड फाटत नाही. कोपरा लाकडी टूथपिकने उचला, धातूच्या टोकाने नको. कुठे रंग आत गेला असेल तर त्याच टूथपिकचं टोक थिनरमध्ये किंचित ओलं करून घासा. काच बुडवलेली असल्यामुळे फार जोर लावू नका, नाहीतर खालचं वॉर्निशही निघेल.

अँटेनाची तार ताणलेल्या स्प्रूची किंवा लवचीक धाग्याची लावा. लवचीक धागा हात लागला तरी तुटत नाही, म्हणून नवख्यांसाठी तोच बरा. खांबाच्या टोकाला ०.३ मिलिमीटरचं भोक, त्यात धागा, सुपरग्लूचा सुईभर थेंब. धरल्यावर दुसरं टोक शेपटीला, हलका ताण ठेवून. जादा धागा नखकात्रीने कापा.